लाळग्रंथीची साधी गाठ: ओळख, तपासणी, शस्त्रक्रिया आणि रायपूरमध्ये आयुष्मान कार्डावर मिळणारे उपचार

कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर किंवा हनुवटीखाली एखादी घट्ट गाठ हाताला लागते. ती दुखत नाही, ताप येत नाही, जेवायला अडचण होत नाही. त्यामुळे "दुखत नाही ना, मग राहू दे" असे म्हणून ती अनेक वर्षे तशीच ठेवली जाते. या जागेवरच्या अनेक गाठी लाळग्रंथीच्या असतात आणि त्यातल्या बहुतेक कर्करोगाच्या नसतात. तरीही त्या वेळेवर तपासून घेणे आणि डॉक्टरांनी सांगितल्यास काढून घेणे गरजेचे असते.

ही गाठ काय असते, ती का काढावी लागते, रायपूरमध्ये कुठे जावे आणि आयुष्मान कार्डावर कोणता खर्च बसतो, ही माहिती या पानावर दिली आहे. रायपूर आणि आसपास राहणाऱ्या मराठी भाषक लाभार्थ्यांसाठी ती आहे.

थोडक्यात

• लाळग्रंथीच्या बहुतेक गाठी साध्या असतात, म्हणजे कर्करोगाच्या नसतात. त्या हळूहळू वाढतात आणि सहसा दुखत नाहीत.
• सर्वांत जास्त आढळणारी साधी गाठ औषधाने, लेपाने किंवा मालिशने जात नाही. शस्त्रक्रिया हाच तिच्यावरचा उपचार आहे.
• ही गाठ बरीच वर्षे ठेवली तर काही रुग्णांत तिचे कर्करोगात रूपांतर होऊ शकते.
• गाठीला छोट्या दवाखान्यात चिरा देऊ नका. चेहऱ्याची नस दुखावण्याचा आणि गाठ पुन्हा येण्याचा धोका असतो.
• शस्त्रक्रियेसाठी भरती झाल्यावरचा खर्च आयुष्मान योजनेत बसतो. बाह्यरुग्ण विभागातल्या तपासण्यांचा खर्च बसत नाही, म्हणून त्या सरकारी रुग्णालयात करून घ्या.

लाळग्रंथी कुठे असतात?

तोंडात लाळ तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात.

१. कानाजवळची ग्रंथी: ही सर्वांत मोठी. कानाच्या पुढे आणि पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत पसरलेली असते. गालगुंड झाल्यावर सुजते ती हीच.
२. जबड्याखालची ग्रंथी: खालच्या जबड्याच्या हाडाखाली, दोन्ही बाजूंना.
३. जिभेखालची ग्रंथी: जिभेच्या खाली, तोंडाच्या तळाशी.

याशिवाय टाळू, ओठ, गालाची आतली बाजू आणि घशात शेकडो बारीक लाळग्रंथी असतात. गाठ यांपैकी कोणत्याही ग्रंथीत होऊ शकते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. चेहरा हलवणारी नस कानाजवळच्या ग्रंथीच्या मधून जाते. डोळा मिटणे, हसणे, गाल फुगवणे ही कामे याच नसेच्या फांद्या करतात. त्यामुळे इथली गाठ वरवर छोटी दिसली तरी ती काढण्याचे काम अनुभवी सर्जनचे असते.

साध्या गाठींचे मुख्य प्रकार

मिश्र गाठ: डॉक्टर हिला प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा म्हणतात. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच. साधारण ३० ते ६० या वयात, पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये थोडी जास्त दिसते. गाठ घट्ट, गोल किंवा खडबडीत असते, बोटाने हलते आणि वर्षानुवर्षे सावकाश वाढते.

वॉर्थिन गाठ: ही जवळजवळ नेहमी कानाजवळच्या ग्रंथीत होते. पन्नाशीनंतर आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये जास्त आढळते. हाताला मऊ लागते. काही रुग्णांत ती दोन्ही बाजूंना होते. तिचे कर्करोगात रूपांतर होणे फार दुर्मीळ आहे.

लहान मुलांतली रक्तवाहिन्यांची गाठ: तान्ह्या मुलांच्या कानाजवळ मऊ, लालसर किंवा निळसर सूज दिसते. यातल्या बऱ्याच गाठी वयाबरोबर लहान होतात आणि काहींना औषध द्यावे लागते. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

याशिवाय कमी प्रमाणात आढळणारे आणखी काही प्रकार आहेत. ते तपासणीतच कळतात.

कोणत्या जागेची गाठ किती काळजीची?

लाळग्रंथीच्या दर १० गाठींपैकी साधारण ८ कानाजवळच्या ग्रंथीत असतात आणि त्या ८० टक्क्यांच्या आसपास साध्या निघतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता वाढते. जबड्याखालच्या ग्रंथीत हे प्रमाण जवळपास निम्मे असते. जिभेखालच्या आणि तोंडातल्या बारीक ग्रंथींत ते निम्मे किंवा त्याहूनही जास्त असू शकते.

म्हणून टाळूवर किंवा जिभेखाली न दुखणारी गाठ आली तर ती शेंगदाण्याएवढी असली तरी दाखवा. छत्तीसगडमध्ये गुडाखू, गुटखा आणि खैनी वापरणारे लोक पुष्कळ आहेत. तोंडातली गाठ किंवा व्रण "गुडाखूमुळे सोलले असेल" असे समजून सोडून देऊ नका. दोन आठवड्यांत बरे न होणारे तोंडातले काहीही डॉक्टरांनी पाहिलेच पाहिजे.

दुखत नाही, तर काढायची कशाला?

१. ती आपोआप जात नाही. मिश्र गाठ वाढतच जाते. लिंबाएवढी गाठ काढणे आणि नारळाएवढी गाठ काढणे यात नसेला असलेला धोका, टाके आणि रुग्णालयातले दिवस, सगळ्यातच फरक पडतो.

२. काही वर्षांनी स्वभाव बदलू शकतो. वैद्यकीय ग्रंथांत दिलेल्या अंदाजानुसार मिश्र गाठीचे कर्करोगात रूपांतर होण्याचे प्रमाण पहिल्या ५ वर्षांत शंभरात एक-दोन असते. १५ वर्षांनंतर ते शंभरात दहाच्या आसपास जाते. अशा वेळी शस्त्रक्रिया मोठी होते, चेहऱ्याची नस वाचवणे कधी कधी शक्य होत नाही आणि नंतर रेडिएशनही घ्यावे लागू शकते.

३. पहिली शस्त्रक्रिया सर्वांत महत्त्वाची. मिश्र गाठीचे आवरण पातळ असते. घाईत ते फाटले किंवा थोडा भाग मागे राहिला तर काही वर्षांनी तिथे एकाऐवजी अनेक बारीक गाठी येतात. दुसऱ्यांदा करायची शस्त्रक्रिया नेहमीच अवघड असते.

वॉर्थिन गाठ असेल, वय जास्त असेल किंवा हृदय-फुप्फुसाचा गंभीर आजार असेल, तर डॉक्टर गाठ न काढता ठरावीक काळाने तपासत राहण्याचा सल्ला देऊ शकतात. हा निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांबरोबर बोलून घ्यायचा असतो.

ही लक्षणे असतील तर लगेच जा

• गाठ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झपाट्याने वाढली
• अनेक वर्षे शांत असलेली गाठ अचानक दुखू लागली
• तोंड एका बाजूला वाकडे झाले किंवा एक डोळा पूर्ण मिटत नाही
• गाठ हलत नाही, खाली चिकटल्यासारखी वाटते
• गाठीवरची कातडी लाल झाली, फुटली किंवा जखम झाली
• मानेत आणखी गाठी लागतात
• तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होतो

तोंड वाकडे झाले की बऱ्याच घरांत "वारा लागला" किंवा "लकवा मारला" असे समजून मालिश सुरू होते. अचानक तोंड वाकडे झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, कारण पक्षाघाताचेही हेच लक्षण असते. कानाजवळ आधीपासून गाठ असेल तर डॉक्टरांना ती आठवणीने दाखवा.

प्रत्येक सूज म्हणजे अशी गाठ नव्हे

• जेवताना सूज वाढते आणि नंतर उतरते: ग्रंथीच्या नळीत खडा असू शकतो.
• ताप आणि दुखणारी सूज, बहुधा दोन्ही बाजूंना: गालगुंड.
• सूज लाल, गरम, पू येतो: जंतुसंसर्ग.
• मानेत अनेक गाठी, बारीक ताप, वजन घटणे: क्षयरोगाची तपासणी करावी लागते. ती सरकारी केंद्रात मोफत होते.

हाताने चाचपून नक्की निदान होत नाही. तपासणी करून घ्या.

तपासण्या कोणत्या?

डॉक्टरांची तपासणी: डॉक्टर गाठ, मान आणि तोंडाची आतली बाजू पाहतात. डोळे मिटायला, दात दाखवायला, गाल फुगवायला सांगतात. चेहऱ्याची नस ठीक आहे का हे त्यावरून कळते.

सोनोग्राफी: गाठ ग्रंथीत आहे की बाहेर, तिचा आकार किती, मानेत आणखी गाठी आहेत का, हे दिसते.

सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी: बारीक सुईने गाठीतले थोडे पेशीजल घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. इंजेक्शनएवढेच दुखते, भरती व्हावे लागत नाही. सुई लावल्याने गाठ चिघळते किंवा कर्करोग होतो, हा गैरसमज आहे. या भीतीने तपासणी टाळू नका.

एमआरआय किंवा सीटी स्कॅन: प्रत्येकाला लागत नाही. गाठ मोठी असेल, खोलवर असेल किंवा कर्करोगाची शंका असेल तर सांगतात.

सुईच्या तपासणीतून बहुतेक वेळा योग्य अंदाज मिळतो. अंतिम उत्तर मात्र काढलेल्या गाठीच्या तपासणीतूनच मिळते. त्या अहवालाला बायोप्सी रिपोर्ट म्हणतात.

हे करू नका

• गाठीला डाग देऊ नका, दोरा बांधू नका, चुना किंवा जहाल लेप लावू नका.
• जोराने मालिश करू नका.
• "पाच मिनिटांत काढून देतो" असे कोणी म्हटले तरी कानाजवळच्या किंवा जबड्याखालच्या गाठीला चिरा देऊ देऊ नका.
• आधी कोणी चिरा दिला असेल तर नव्या डॉक्टरांपासून लपवू नका. जुने कागद सोबत न्या.

शस्त्रक्रिया कशी होते?

पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया होते. कानाजवळची गाठ असेल तर कानाच्या पुढून पाळीखाली आणि मानेच्या वळीपर्यंत चिरा घेतात. सर्जन आधी चेहऱ्याची नस शोधतात, तिच्या फांद्या जपतात आणि गाठ भोवतीच्या ग्रंथीच्या भागासह एकसंध काढतात. गाठ नसेच्या खाली खोलवर असेल तर ग्रंथीचा जास्त भाग काढावा लागतो. जबड्याखालची गाठ असेल तर ती पूर्ण ग्रंथी काढतात. टाळूवरची गाठ तोंडातूनच काढतात.

जखमेत साठणारे पाणी बाहेर यावे म्हणून एक बारीक नळी ठेवतात. ती एक-दोन दिवसांनी निघते. बहुतेक रुग्ण काही दिवसांतच घरी जातात. टाके साधारण आठवडाभरात काढतात.

शस्त्रक्रियेनंतर काय होऊ शकते?

• चेहऱ्याची एक बाजू काही काळ कमजोर राहणे. नस शाबूत असली तरी हाताळल्यामुळे असे होते आणि बहुतेक रुग्णांत काही आठवडे ते काही महिन्यांत सुधारते. साध्या गाठीच्या पहिल्या शस्त्रक्रियेत कायमची कमजोरी क्वचित राहते.
• कानाच्या पाळीभोवती बधिरपणा. हा काही प्रमाणात कायम राहू शकतो.
• जखमेतून काही दिवस लाळ झिरपणे. दाबपट्टीने ते सहसा थांबते.
• काही महिन्यांनी जेवताना त्या गालावर घाम येणे. हे धोकादायक नाही आणि त्यावर उपचार आहे.

संमतीपत्रावर सही करण्याआधी ही माहिती डॉक्टरांकडून तुमच्या भाषेत समजून घेणे हा तुमचा हक्क आहे. हिंदी नीट समजत नसेल तर सोबत समजणारी व्यक्ती न्या.

योजनेत काय मिळते?

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयात भरती होऊन मोफत मिळतात. कुटुंबात किती माणसे आहेत किंवा त्यांचे वय काय, यावर बंधन नाही. आजार कार्ड काढण्याआधीपासून असला तरी चालतो. म्हणजे दहा वर्षांपूर्वीची गाठही पहिल्या दिवसापासून योजनेत धरली जाते.

छत्तीसगडमध्ये या योजनेला जोडून राज्याची स्वतःची योजना आहे. डॉ. खूबचंद बघेल यांच्या नावाने ती १ जानेवारी २०२० पासून सुरू झाली. आता ती शहीद वीर नारायण सिंह आयुष्मान स्वास्थ्य योजना या नावाने चालते. अंत्योदय आणि प्राधान्य रेशनकार्ड असलेल्या कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, तर इतर रेशनकार्डधारक कुटुंबांना ५० हजार रुपयांपर्यंत उपचार मिळतात.

७० वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली आहे. घरातल्या आजोबांच्या कानाखाली गाठ असेल आणि कुटुंबाकडे दुसरे कार्ड नसेल तर हे कार्ड काढा.

खर्चात काय धरले जाते: खाट, जेवण, भूल, शस्त्रक्रिया, औषधे, भरती असतानाच्या तपासण्या, भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतची औषधे व तपासण्या.

काय धरले जात नाही: भरती न होता बाह्यरुग्ण विभागात केलेल्या तपासण्या आणि औषधे, प्रवासखर्च, सोबतच्या नातेवाइकांचे राहणे-जेवण.

बरेच लाभार्थी इथेच फसतात. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी भरतीच्या कित्येक आठवडे आधी होते. ती खासगी केंद्रात केली तर पैसे स्वतःचे जातात. ही योजना रोकडरहित आहे. स्वतः भरलेले बिल नंतर परत मिळेल या भरवशावर राहू नका. म्हणून पहिली तपासणी सरकारी रुग्णालयातून सुरू करणे फायद्याचे.

रायपूरमध्ये कुठे जावे?

पहिली पायरी: जवळचे आयुष्मान आरोग्य मंदिर, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शहरातले हमर क्लिनिक. मोहल्ल्यातल्या मितानिन ताईंना सांगितले तर त्या योग्य ठिकाणी पाठवतात.

मोठी सरकारी रुग्णालये:

• डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय: रायपूरमध्ये सगळे याला मेकाहारा म्हणतात. पं. जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. कान-नाक-घसा विभागात किंवा सर्जरी विभागात दाखवा. प्रादेशिक कर्करोग केंद्रही इथेच आहे, त्यामुळे अहवालात शंका आली तर पुढची सोय त्याच आवारात होते.
• एम्स रायपूर, टाटीबंध: कान-नाक-घसा विभागात दाखवा. बाह्यरुग्ण नोंदणी ऑनलाइनही करता येते.
• शासकीय दंत महाविद्यालय, रायपूर: गाठ टाळूवर, ओठात किंवा जिभेखाली असेल तर इथल्या तोंड व जबडा शस्त्रक्रिया विभागात दाखवता येते.

संलग्न खासगी रुग्णालयातही कार्ड चालते. मात्र योजनेतल्या काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात आणि प्रत्येक खासगी रुग्णालय प्रत्येक विभागासाठी संलग्न नसते. "या गाठीची शस्त्रक्रिया तुमच्याकडे कार्डावर होते का?" हा प्रश्न भरती होण्याआधीच आयुष्मान कक्षात विचारा.

उपचार कसे घ्यावेत? पायरीपायरीने

१. आयुष्मान ॲपवर, जवळच्या चॉइस सेंटरमध्ये किंवा रुग्णालयातल्या आयुष्मान कक्षात पात्रता तपासा. कार्ड नसेल तर आधार आणि रेशनकार्ड दाखवून काढून घ्या.
२. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पर्ची काढून डॉक्टरांना दाखवा.
३. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी करून घ्या. अहवाल आणि फिल्म जपून ठेवा.
४. शस्त्रक्रिया ठरली की डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आयुष्मान कक्षात जा. तिथले आयुष्मान मित्र आधारवरून ओळख पटवतात.
५. रुग्णालय योजनेकडे पूर्वमंजुरी मागते. त्यासाठी तपासणीचे अहवाल लागतात. मंजुरीशिवाय शस्त्रक्रियेची तारीख पक्की समजू नका.
६. कार्डात या वर्षी किती रक्कम शिल्लक आहे ते विचारा. ५० हजारांची मर्यादा असेल आणि घरात आधीच कोणाचे उपचार झाले असतील तर हे आधी कळणे महत्त्वाचे.
७. घरी सोडताना डिस्चार्ज कागद घ्या आणि बायोप्सी रिपोर्ट कधी मिळेल ते लिहून घ्या.

आवश्यक कागदपत्रे

• रुग्णाचे आधार कार्ड
• आयुष्मान कार्ड किंवा वय वंदना कार्ड
• रेशनकार्ड, ज्यात रुग्णाचे नाव आहे
• चालू मोबाईल क्रमांक
• सर्व जुने अहवाल आणि चिठ्ठ्या

लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव रेशनकार्डात नसणे ही नेहमीची अडचण आहे. गाठ लक्षात आल्याबरोबर नाव जोडण्याचा अर्ज द्या. तपासण्या होईपर्यंत ते काम पुरे होऊ शकते. आभा क्रमांक म्हणजे आयुष्मान कार्ड नव्हे. आभामध्ये आरोग्याच्या नोंदी राहतात. त्यावर मोफत उपचार मिळत नाहीत.

महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांसाठी

गोंदिया, भंडारा, नागपूर भागातून कामासाठी रायपूरला आलेल्या अनेक कुटुंबांचे रेशनकार्ड अजून गावी असते. तुमचे नाव प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या यादीत असेल तर महाराष्ट्रात काढलेले आयुष्मान कार्ड रायपूरच्या संलग्न रुग्णालयातही चालते. तुम्ही फक्त महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पात्र असाल तर ती महाराष्ट्र शासनाची योजना आहे. रायपूरचे रुग्णालय तिच्या यादीत आहे असे गृहीत धरू नका. आधी १५५३८८ या क्रमांकावर विचारा. तिथले संलग्न रुग्णालय सोयीचे असेल तर शस्त्रक्रिया गावाजवळही करता येते. अशा वेळी रायपूरच्या तपासण्यांचे कागद सोबत न्या.

पैसे मागितले तर?

मंजूर शस्त्रक्रियेसाठी संलग्न रुग्णालय कार्डधारकाकडून वेगळे पैसे घेऊ शकत नाही. मागितले तर लेखी किंवा पावती मागा आणि १४५५५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा छत्तीसगडच्या १०४ क्रमांकावर तक्रार करा. कार्ड क्रमांक, रुग्णालयाचे नाव आणि तारीख जवळ ठेवा.

घरी आल्यावर काळजी

• जखम कोरडी ठेवा. हळद, चुना, राख लावू नका.
• डोळा पूर्ण मिटत नसेल तर डॉक्टरांनी दिलेले थेंब घाला आणि झोपताना डोळा पट्टीने झाका. नाहीतर बुबुळाला इजा होते.
• सांगितलेले चेहऱ्याचे व्यायाम आरशासमोर रोज करा.
• बिडी, सिगारेट, गुडाखू बंद ठेवा. जखम लवकर भरते.
• ताप, पू, वाढती सूज किंवा रक्त आल्यास लगेच रुग्णालयात जा.
• बायोप्सी रिपोर्ट आणायला विसरू नका. टाके निघाले की काम संपले असे समजून बरेच जण तो आणतच नाहीत. गाठ खरोखर साधी होती का, हे त्यातच लिहिलेले असते. शंका असल्यास पुढचे उपचारही योजनेत मिळतात.
• मिश्र गाठ काही वर्षांनीही परत येऊ शकते. डॉक्टर सांगतील तेव्हा दाखवत राहा.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: मुलीचे लग्न व्हायचे आहे. चेहऱ्यावर व्रण दिसेल का?
उत्तर: चिरा कानाच्या कडेने आणि मानेच्या वळीतून घेतात. काही महिन्यांत व्रण फिका पडतो. लग्नासाठी शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे पुढे ढकलली तर गाठ मोठी होते आणि चिराही मोठा लागतो.

प्रश्न: एक ग्रंथी काढली तर तोंड कोरडे पडेल का?
उत्तर: सहसा नाही. बाकीच्या ग्रंथी पुरेशी लाळ तयार करतात.

प्रश्न: सुईच्या तपासणीत "साधी गाठ" आले. आता थांबले तर चालेल?
उत्तर: प्रकार कोणता ते विचारा. मिश्र गाठ असेल तर साधारणपणे काढण्याचाच सल्ला देतात. वॉर्थिन गाठ असेल तर काही रुग्णांत थांबता येते.

प्रश्न: ही गाठ घरातल्या इतरांना होते का?
उत्तर: नाही. ती संसर्गाने पसरत नाही. ताट, पेला, अंथरूण वेगळे करण्याची गरज नाही.

प्रश्न: मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर शस्त्रक्रिया होते का?
उत्तर: होते. आधी साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. ती स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न: शेतीची कामे सुरू आहेत. किती दिवस थांबता येईल?
उत्तर: वर दिलेल्या धोक्याच्या लक्षणांपैकी काही नसेल आणि सुईच्या तपासणीत गाठ साधी निघाली असेल, तर धानाची कापणी आटोपेपर्यंत थांबण्याबद्दल डॉक्टरांशी बोलता येते. पण तपासणी आधी करून घ्या आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरवूनच घरी जा.